डेडलिफ्ट एकाच आकड्यावर अडकली? आधी टेप आणा, प्रोग्राम नंतर बदला

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा वजन लावलेला रॉड उचलून सरळ उभं राहणं. पोळ्याला १४० किलो, दिवाळीला १४०, होळी झाली तरी १४०च. मधल्या काळात प्रोग्राम दोनदा बदलला, नवा पट्टा घेतला, प्री-वर्कआउटचा डबा संपला. रॉड मात्र जिथल्या तिथे. जोडीदार विचारतो, ‘काहून नाही उठून राहिला बे?’ आणि उत्तर कोणाकडेच नसतं, कारण या सगळ्यात कोणी काही मोजलेलंच नसतं.

अडकलेल्या डेडलिफ्टमागची कारणं थोडीच आहेत आणि फिरून फिरून तीच सापडतात. खाली ती फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक तपासणीपर्यंत, पाच मिनिटांच्या कामापासून दोन महिन्यांच्या कामापर्यंत अशा क्रमाने घेतली आहेत. हा क्रम मोडू नका. ज्याचा रॉडच साडेतीन सेंटिमीटर खाली ठेवलेला आहे, त्याने कितीही भारी प्रोग्राम आणला तरी तो चुकीच्या उंचीवरच राबवणार.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा. दोन असली तर दोन्ही लिहून ठेवा.

- रॉड जमिनीवरून सुटतच नाही. ओढता, प्लेटा ‘टक’ वाजतात, पुढे काही नाही.
- सुटतो, पण गुडघ्याखाली येऊन थांबतो आणि परत जातो.
- गुडघा ओलांडतो, मांडीवर अडकतो. कंबर सरळ होत नाही, पाय थरथरतात, रॉड मांडीवर घासत वर सरकवावा लागतो.
- पाठीत जोर आहे, पण बोटं उघडतात.
- वजन वर जातं, पण व्हिडिओत पाठ कमानीसारखी गोल दिसते.
- सोमवारी १३० हलकं वाटतं, गुरुवारी ११५ डोंगरासारखं. आकडा अडकलेला नाही, तो नाचतोय.

शेवटचं लक्षण असेल तर तांत्रिक सुधारणांकडे वळूच नका. तपासणी ३, म्हणजे ताट, ऊन आणि विश्रांती या भागात तुमचं उत्तर आहे.

खरंच अडकलंय का?

वही काढा. वहीच नसेल तर इथेच थांबा आणि आजपासून तारीख, वजन, रेप्स (एकदा उचललं की एक रेप), सेट (विश्रांती न घेता सलग केलेले रेप्स) आणि रॉड कोणता होता हे लिहायला लागा. तीन आठवड्यांनी परत या. नोंदीशिवाय ‘अडकलो’ म्हणणं म्हणजे नुसती भावना झाली.

वही असेल तर फक्त एका रेपचा आकडा पाहू नका. एपली यांचं सूत्र वापरा: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). १२० किलोचे ५ रेप्स म्हणजे अंदाजे १४० चा एक रेप. तीन महिन्यांपूर्वी १२० चे ५ होत होते आणि आज ७ होत असतील, तर सूत्राने १४८ येतात. तुम्ही वाढलाय, फक्त तो आकडा एकदा नीट उचलून पाहिलेला नाही. आठ-दहा रेप्सच्या वर मात्र या सूत्रावर भरवसा ठेवू नका. तिथे प्लेटांची उसळी आणि दम हेच जास्त मोजले जातात.

सहा ते आठ आठवडे, त्याच रॉडवर, त्याच परिस्थितीत ना रेप वाढला ना वजन, तर ते अडकणं. दोन आठवड्यांचं थांबणं म्हणजे दोन आठवडे, बाकी काही नाही.

आणि दर आठवड्याला ‘मॅक्स’ मारून पाहत असाल, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. पूर्ण ताकदीचा एक रेप ही परीक्षा आहे. दर शनिवारी परीक्षा ठेवली तर अभ्यास कधी करणार?

तपासणी १: टेप आणि वजनकाटा (खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं)

सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त फळ देणारी तपासणी हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंमी असतो. म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंमीवर येतो. मोहल्ल्यातल्या जिममध्ये ओतीव लोखंडाच्या २० किलोच्या प्लेटा बऱ्याचदा यापेक्षा लहान असतात. ३८ सेंमी व्यासाची प्लेट असेल तर रॉडचा मध्य १९ सेंमीवर. साडेतीन सेंमी खालून उचलणं ही वेगळीच लिफ्ट आहे. हिप्स जास्त खाली जातात, गुडघे जास्त वाकतात, कंबरेला गोल व्हायची सक्ती होते. ‘जमिनीवरून सुटत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी इथे टेप लावावा.

मोजायचं असं: रॉडवर सगळ्यात मोठ्या प्लेटा चढवा, जमिनीपासून रॉडच्या मध्यापर्यंत उंची घ्या, दोन्ही बाजूंनी. २२.५ पेक्षा कमी भरली तर फरक प्लेटांखाली भरून काढा. १२ मिमी जाडीच्या तीन रबरी मॅट म्हणजे ३.६ सेंमी. सुताराकडून १८ मिमी प्लायचे दोन-दोन तुकडे कापून घेतले तरी तेवढीच उंची येते. दोन्ही बाजूंना सारखी थप्पी, आणि तुम्ही स्वतः जमिनीवर. मॅटवर तुम्हीही उभे राहिलात तर फरक तसाच राहिला.

प्लेटा षटकोनी असतील तर दर रेपला त्या वेगळ्या कडेवर बसतात आणि रॉड दोन-चार सेंमी पुढे-मागे सरकतो. अशा प्लेटांवर सलग रेप्स मारू नका. प्रत्येक रेपनंतर रॉड थांबवा, पायांची जागा पुन्हा जुळवा, मग पुढचा.

आता वजन. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्लेटेला ०.२५ टक्के फरक चालतो, २० किलोला ५० ग्रॅम. ओतीव प्लेटेवर कोरलेला आकडा हा कारखान्याचा अंदाज असतो. रॉडचंही तसंच: ‘सात फुटी म्हणजे २० किलो’ हे तोलल्याशिवाय धरू नका, पाच फुटी तर आणखी हलका. इलेक्ट्रॉनिक काटा जिममध्ये असतोच, नसेल तर ओळखीच्या किराणावाल्याचा. प्रत्येक प्लेट तोला, मागच्या बाजूला ऑइल पेंटने खरं वजन लिहा, सारख्या वजनाच्या जोड्या लावा. डावीकडे २०.६ आणि उजवीकडे १९.५ अशी जोडी लागत असेल, तर रॉड वर जाताना फिरतो आणि तुम्ही दोष कंबरेला देत बसता.

दुसरा फायदा असा की जिम बदलल्यावर ‘ताकद गेली’ असं ज्यांना वाटतं, त्यांची ताकद बहुधा कुठे गेलेली नसते. जुन्या जिमचा रॉड हलका होता.

शेवटचं मोजमाप: सगळ्यात लहान प्लेट कोणती? २.५ ची असेल तर तुमची सगळ्यात लहान उडी ५ किलोची. १०० किलोवर ती ५ टक्के झाली. पहिल्या सहा महिन्यांनंतर एवढी उडी सारखी झेपत नाही, आणि लोक त्याला अडकणं म्हणतात. १.२५ ची एक जोडी स्वतःची घ्या आणि बॅगेत ठेवा. त्याहून बारीक हवं तर नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत मोठे जाड वॉशर मिळतात. रॉडच्या टोकात बसतील असे निवडून तोलून घ्या. घोट्याला बांधायची अर्ध्या किलोची वजनं रॉडच्या टोकाला गुंडाळली तरी काम होतं. दिसतं गावठी, चालतं झकास.

तपासणी २: बूट आणि हात (अगदी थोडका खर्च)

पळायच्या बुटाचा तळ मऊ असतो. १४० किलो हातात घेऊन गादीवर उभं राहिल्यासारखं ते होतं, वर टाच उंच असल्याने तोल पुढे जातो. सपाट तळाचे कॅनव्हास बूट घाला किंवा मोजे घालून उभे राहा. फरशीवर मोजे घसरत असतील तर खाली पातळ रबर मॅट घाला, आणि मग त्या मॅटची जाडी तपासणी एकमध्ये धरायला विसरू नका.

पकडीसाठी एक सोपी परीक्षा. शेवटच्या जड सेटला मनगटी पट्टे, म्हणजे स्ट्रॅप्स, लावून पाहा. पट्ट्यांसकट पाच-दहा किलो जास्त सहज उठले, तर तुमची पाठ अडकलेली नाही, बोटं अडकलीत. बोटं सुटायला लागली की मेंदू बाकीच्या स्नायूंनाही पूर्ण जोर लावू देत नाही, म्हणून कमकुवत पकड जमिनीजवळच रॉड जड भासवते.

उपाय याच क्रमाने करा. रॉडची नर्लिंग, म्हणजे पकडीची खरबरीत जागा, नायलॉन ब्रशने कोरडी घासा. गंज, घाम आणि पावडर तिथे लेपासारखी बसलेली असते. तेल फक्त टोकाच्या फिरत्या भागाला, पकडीच्या जागी थेंबही नको. हातमोजे काढा, त्यांनी रॉड जाड होतो आणि कातडी आत घसरते. हाताला चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट लावा. जिममध्ये पावडरला मनाई असेल तर द्रव चॉक येतो. टाल्कम पावडर हाताला लावणारे अजून दिसतात. ती घसरण वाढवते. तिची जागा मांडीवर, रॉड सरकण्यासाठी.

नागपुरात याला ऋतूचं गणित आहे. एप्रिल-मेमध्ये जिमला डेझर्ट कूलर लागतात. कूलर हवा थंड करतो तो ओलावा सोडूनच. कूलरच्या झोतात रॉड ठेवलात तर नर्लिंग दमट आणि तळवे चिकट. रॉड झोताबाहेर घ्या, जोडीला कोरडा पंचा ठेवा. पावसाळ्यात कूलर तसाही कामाचा नसतो आणि रॉडवर गंजाचा थर आठवड्यात चढतो.

मग सवय: हलके सेट दोन्ही तळवे आत ठेवून, जड सेटला एक तळवा उलटा किंवा अंगठा बोटांखाली दाबलेली हुक पकड. उलट्या हाताचं कोपर पूर्ण सरळ हवं. तो हात थोडा जरी वाकवून ओढलात तर दंडाच्या खालच्या टोकाचा बायसेप्सचा स्नायुबंध फाटू शकतो. शेवटच्या सेटचा शेवटचा रेप वर १० सेकंद धरून ठेवा, आठवड्यातून दोनदा. सहा आठवड्यांत फरक दिसायला लागतो.

कंबरपट्ट्याबद्दल थोडक्यात: पट्टा पोटात भरलेल्या दमाला टेकायला भिंत देतो. दम भरताच येत नसेल तर ती भिंत रिकाम्या खोलीची.

तपासणी ३: ताट, ऊन आणि विश्रांती

दोन सेटमध्ये किती थांबता, ते मोबाइलवर लावून पाहा. संध्याकाळी सातच्या गर्दीत मागे तिघं उभे असतात आणि विश्रांती ९० सेकंदांवर येते. जड डेडलिफ्टला ३ ते ५ मिनिटं लागतात. गर्दी टळत नसेल तर दिवस बदला किंवा पहाटे जा.

वॉर्मअपमध्येच दमणारेही पुष्कळ. ६० चे १५, ८० चे १२, १०० चे १० असे मारून कामाच्या सेटला येणारा माणूस आधीच २,८६० किलो ओढून आलेला असतो. ६० चे ५, ९० चे ३, ११० चे २ आणि १२५ चा १ एवढं केलं तर ते ९१५ किलो होतात, आणि अंग तेवढंच तापतं.

आदल्या दिवशी काय केलं तेही वहीत पाहा. काल जड स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) किंवा वाकून केलेले रो (रॉड पोटाकडे ओढणं) झाले असतील तर आज कंबर उधारीवर आलेली आहे. डेडलिफ्टच्या आधी ४८ तास कंबरेला मोकळीक द्या. दिवसभर दुचाकीवर डिलिव्हरीचं काम असेल तर ते बसणंही या हिशेबात धरा.

ताट. ताकद वाढवायची तर शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. तर्री पोह्यांच्या प्लेटमध्ये जीभ खूश होते, पण वर घातलेल्या मूठभर चण्याने हा आकडा हलत नाही. सोयाबीन वड्या कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम, फुटाणे १०० ग्रॅममध्ये सुमारे २०, एक अंडं ६, पाव लिटर दूध ८. म्हणजे ५० ग्रॅम वड्या, ५० ग्रॅम फुटाणे, चार अंडी आणि अर्धा लिटर दूध मिळून ७५ च्या आसपास. उरलेलं वरण, पोळी, दही, मटण यांतून येतं. वजन कमी करण्याचा मोसम चालू असेल आणि डेडलिफ्ट थांबली असेल, तर तो बिघाड नाही. उपाशी शरीराने आकडा टिकवला हेच खूप. श्रावणात किंवा नवरात्रात उपास धरणाऱ्यांनी त्या आठवड्यांत फक्त टिकवायचं.

पूरक डब्यांपैकी क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, एवढंच पैसे वसूल करणारं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको.

आणि ऊन. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या छताखालची जिम संध्याकाळी सातलाही तापलेली असते. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी गेलं. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की जोर उतरतो. नुसतं पाणी पुरत नाही. मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा कैरीचं पन्हं बाटलीत ठेवा. मे महिन्यात नवा विक्रम मोजायला जाऊच नका. तो आकडा नोव्हेंबरसाठी ठेवा. भर उन्हाळ्यात घेरी, उलटी, असंबद्ध बोलणं असं काही जोडीदारात दिसलं, तर त्याला सावलीत घेऊन पाणी मारा आणि १०८ ला फोन करा. ‘थोडं बसला की ठीक होते’ म्हणून वाट पाहायची ही वेळ नव्हे.

तपासणी ४: मोबाइलचा व्हिडिओ

मोबाइल बाजूला, तीन मीटर दूर, कंबरेच्या उंचीवर ठेवा. बेंचवर पाण्याच्या बाटलीला टेकवला की झालं. समोरून घेतलेला व्हिडिओ स्टेटसला चांगला, तपासणीला निरुपयोगी. वजन मॅक्सच्या ८५ टक्के घ्या. हलक्या वजनावर सगळेच सुंदर दिसतात.

सुरुवातीची जागा. रॉड पावलाच्या मध्यावर हवा, आणि पाऊल टाचेपासून मोजायचं. वरून पाहताना टाच नडगीमागे लपते, म्हणून लोक रॉड बोटांकडे ठेवतात. पाऊल २८ सेंमीचं असेल तर रॉड टाचेपासून १४ सेंमीवर. उभं असताना नडगी आणि रॉड यांत जवळजवळ अडीच सेंमी, म्हणजे दीड-दोन बोटं. हात पायांच्या लगेच बाहेर. मग रॉड न हलवता नडगी त्याला लागेपर्यंत गुडघे वाकवा, छाती वर काढा. खांदे रॉडच्या किंचित पुढे यायला हवेत. हिप्स त्या उंचीवर आपोआप थांबतात; आणखी खाली नेलेत तर ती डेडलिफ्ट राहत नाही, हातात रॉड धरलेला वाईट स्क्वॉट होतो.

व्हिडिओ थांबवत थांबवत तीन गोष्टी पाहा.

पहिली, हिप्स आणि खांदे एकत्र वर येतात का. प्लेटा सुटायच्या आधी हिप्स उडाले तर सुरुवातीला ते फार खाली होते, किंवा वजन मांड्यांच्या ताकदीपलीकडचं होतं. पहिल्या कारणावर उपाय फुकट आहे: हिप्स तिथूनच सुरू करा जिथे ते उडून थांबतात.

दुसरी, रॉड अंगाला चिकटून येतो का. रॉडच्या मध्यभागी चॉक फासा आणि काळी ट्रॅक पँट घाला. उचलून झाल्यावर नडगीपासून मांडीपर्यंत सलग पांढरी रेघ हवी. गुडघ्याजवळ रेघ तुटली तर रॉड तिथे पुढे गेला. पाच सेंमी पुढे गेलेला रॉड कंबरेवर कितीतरी जास्त ताण टाकतो, आणि ‘गुडघ्याशी अडकतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. काखेत घडी केलेला पेपर दाबून धरल्यासारखे लॅट्स, म्हणजे काखेखालचे पाठीचे स्नायू, घट्ट करा, रॉड मागे राहतो.

तिसरी, ढील. रॉड आणि प्लेटेच्या भोकात मोकळी जागा असते, ढिल्या प्लेटांत जास्तच. झटका मारला की आधी ही ढील संपते, मग वजन एकदम हातात येतं, आणि त्या धक्क्याने वरची पाठ गोल होते. आधी हळू ताण द्या, ‘टक’ आवाज येऊ द्या, हात दोरीसारखे ताणले जाऊ द्या, मग जमीन पायांनी खाली ढकला. ‘ओढा’ ऐवजी ‘ढकला’ एवढा शब्द मनात बदलला तरी कित्येकांचा रॉड सुटतो.

दम वर उभं असताना भरायचा नाही, खाली वाकून पकड घेतल्यावर भरायचा. छातीत नको, पोटात, कमरेच्या चारी बाजू फुगतील असा. उच्च रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर दम कोंडून जड उचलणं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय बंद.

तपासणी ५: कुठे अडकतं त्यावरून पूरक व्यायाम

वरच्या चार तपासण्या झाल्यावरच इथे या. यातला एकच निवडा, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे.

जमिनीवर अडकतं: २.५ ते ५ सेंमी उंच फळीवर उभं राहून डेफिसिट डेडलिफ्ट, मॅक्सच्या ६५ ते ७० टक्के, ४ सेट, ४ रेप्स. ज्यांचा रॉड आधीच खाली होता त्यांनी हा व्यायाम नकळत वर्षभर केलाय, त्यांना याची गरज नाही.

गुडघ्याखाली अडकतं: रॉड जमिनीपासून ५ सेंमी वर आणून दोन सेकंद थांबा, मग पूर्ण करा. ७० टक्के, ४ सेट, ३ रेप्स. थांबण्यात लबाडी चालत नाही, म्हणून हा सगळ्यांत उपयोगी.

मांडीवर अडकतं: रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचितच वाकवून, उभ्या स्थितीतून रॉड खाली नेणं) ३ सेट, ८ रेप्स, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचे स्नायू ताणले जाईपर्यंत खाली. सोबत हिप थ्रस्ट, म्हणजे पाठ बेंचला टेकवून रॉडसकट कंबर वर ढकलणं. रॉड ठोकळ्यांवर ठेवून तिथून जड उचलणं अहंकाराला बरं वाटतं, पण ठोकळ्यावर २०० आणि जमिनीवरून १४० ही जोडी फार पाहायला मिळते.

सावधगिरीची एक गोष्ट: अडकण्याची जागा आणि बिघाडाची जागा एकच असते असं नाही. जमिनीवर पाठ गोल झाली की ती सरळ करायचं काम वर येऊन करावं लागतं, आणि रॉड मांडीवर थांबतो. तिथे हिप थ्रस्टचे शंभर सेट मारून उपयोग नाही. व्हिडिओची सुरुवात पाहा.

तपासणी ६: प्रोग्राम (दोन महिने लागतात)

१४० किलो मॅक्स धरून एक आराखडा देतो. तुमचा आकडा वेगळा असेल तर टक्क्यांनी बदला आणि जवळच्या २.५ किलोवर आणा.

- आठवडा १: ८५ किलो (६० टक्के), ३ सेट × ३. साचलेला थकवा उतरवण्यासाठी.
- आठवडा २: ९७.५, ४ × ५
- आठवडा ३: १०२.५, ४ × ५
- आठवडा ४: १०७.५, ४ × ५
- आठवडा ५: ११२.५, ५ × ३
- आठवडा ६: ११७.५, ५ × ३
- आठवडा ७: १२५, ४ × २
- आठवडा ८: ८५, ३ × २, बाकी आराम

नवव्या आठवड्यात मोजणी: ६० चे ५, ९० चे ३, मग ११०, १२५, १३५ चा एकेक, आणि १४२.५. तो सहज गेला तर १४५. त्याच्या पुढे त्या दिवशी नाही.

पहिला आठवडा लोक गाळतात, कारण ८५ उचलताना लाज वाटते. थकवा साचलेला असताना खरी ताकद वर दिसतच नाही. ती दिसायला हा आठवडा लागतो. चौथ्या आठवड्यात पाचवा रेप घासत गेला तर पुढचं वजन वाढवू नका, तोच आठवडा पुन्हा करा. दुसऱ्यांदाही घासला तर मूळ १४० हा आकडाच जुना झालाय. १३० धरून पुन्हा मांडा.

आठवड्यातला दुसरा डेडलिफ्टचा दिवस तीन-चार दिवसांच्या अंतराने, त्यात तपासणी पाचमधला तुमचा एक व्यायाम. एवढंच. तिसरा डेडलिफ्टचा दिवस घालू नका.

पारंपरिक पद्धत सोडून पाय रुंद ठेवणारी सुमो घ्यायची का, हा प्रश्न नेहमी येतो. घेता येते, पण ती नवी लिफ्ट आहे, सुरुवातीला आकडा खालीच येतो आणि जांघेच्या आतल्या बाजूला सवय व्हायला महिने जातात. दुरुस्ती टाळायची पळवाट म्हणून ती घेऊ नका.

इथे थांबा, पुढे तुमचं काम नाही

कंबरेतून कळ मांडीमागून पायात उतरते, पावलात मुंग्या किंवा बधिरपणा आहे, पंजा उचलताना अडखळतो: रॉड ठेवा, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जांघेच्या मधल्या, खोगीर लागतं त्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ती तातडीची अवस्था आहे. उद्याची वाट न पाहता त्याच तासाला मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, नागपुरातलं जे मोठं रुग्णालय जवळ असेल ते गाठा.

उचलताना दंडात ‘फट्’ आवाज, कोपराच्या पुढे निळं, बायसेप्सचा गोळा वर सरकलेला: काही दिवसांच्या आत शल्यचिकित्सक. उशीर झाला तर जोडणं अवघड होतं. जांघेत फुगवटा आला आणि तो दाबल्यावर आत जातो, तर हर्निया तपासून घ्या. फुगवटा आत जात नाही आणि दुखतोय, तर लगेच रुग्णालय. छातीत कळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, उचलताना डोळ्यांपुढे अंधार: व्यायाम तिथेच संपला, १०८ ला फोन करा.

नुसतं कंबर आखडणं दोन-तीन दिवसांत सैल होतं. दोन आठवडे झाले तरी वाकताना तीच जागा दुखत असेल तर फिजिओथेरपिस्ट. दुखणं दाबणारी गोळी खाऊन डेडलिफ्ट करणं म्हणजे गाडीचा इशाऱ्याचा दिवा फोडून पुढे जाणं. आणि या टप्प्यावर जिममधला कोणी इंजेक्शन सुचवतो. त्याला नाही म्हणा. प्लेटांखालच्या मॅट त्याहून स्वस्त आहेत.

दुखत काहीच नाही, सगळ्या तपासण्या झाल्या, आराखडा दोनदा पूर्ण केला आणि तरी आकडा तसाच, तेव्हा दोन ठिकाणी पैसे खर्च करा. एक, डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. शाकाहारी लोकांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही, आणि त्या थकव्याला कोणताही प्रोग्राम पुरत नाही. दोन, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्वतः उतरलेला किंवा उतरवलेला प्रशिक्षक, एक महिन्यासाठी. जाताना वही, बाजूने घेतलेले व्हिडिओ आणि तुमच्या रॉडची मोजलेली उंची घेऊन जा. त्याचा पहिला आठवडा वाचेल आणि तुमची पहिल्या महिन्याची फी.